आडवे-उभे सर

टेंभुर्णीच्या आमच्या शाळेत ‘गरम आहे’ असं म्हणायची सोय नव्हती. म्हटलं की स्टाफरूमच्या खिडकीजवळच्या खुर्चीतून प्रश्न यायचा, “कोणत्या बाजूनं?” चहा गरम म्हटलं तरी, पत्रा गरम म्हटलं तरी. एकदा तपासणीला आलेले साहेब घाम पुसत म्हणाले, “फार गरम होतंय हो तुमच्याकडं.” सरांनी त्यांनाही तेच विचारलं. हेडमास्तरांचा चेहरा उतरला. साहेबांनी मात्र खरोखर चारी बाजूंना पाहिलं, उठून खुर्ची पलीकडच्या भिंतीला लावली आणि बसून म्हणाले, “इथं बरं आहे.” सर एवढे खूश झाले की साहेबांना वर्ग दाखवायचे विसरून भिंतच दाखवत बसले.

ते विज्ञान शिकवायचे. उंच, वाळकी अंगकाठी, पांढरा फुल शर्ट, आणि खिशात पेनांच्या जागी चार थर्मामीटर. चारींनाही दोरा बांधलेला, दोऱ्याचं टोक शर्टाच्या गुंडीला. कोणतीही वस्तू ते तळव्यानं हाताळायचे नाहीत. आधी हाताची पालथी बाजू लावायची, मग वस्तू फिरवून पुन्हा लावायची. त्यामुळं त्यांच्या उजव्या हाताच्या मागच्या बाजूला लहान लहान डाग होते. त्यांच्या घरच्या वहिनी म्हणायच्या, “ह्यांना चहा द्यायचा म्हंजे आधी कपाला परीक्षेला बसवावं लागतं.”

पोरांनी त्यांचं नाव ठेवलं होतं ‘आडवे-उभे सर’. ते त्यांना माहीत होतं. एकदा हजेरीच्या वेळी मागच्या बाकावरून ते नाव ऐकू आलं, तेव्हा सर म्हणाले, “आधी आडवं का म्हणता? आधी उभं म्हणा. उभ्यातून जास्त जाती उष्णता.”

मी त्या शाळेत गणिताची शिक्षिका म्हणून लागले तेव्हा बावीस वर्षांची होते. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. आमचं गाव केदारखेडा. आता हा सगळा मुलूख जालना जिल्ह्यात आहे. तेव्हा जालना हा वेगळा जिल्हा नव्हता, आणि सरकारी काम निघालं तर औरंगाबादला जावं लागे. आमच्या भावकीत पदवी घेतलेली मी पहिलीच मुलगी, त्यामुळं मला स्वतःबद्दल बराच अभिमान होता. तो पहिल्याच दिवशी अर्ध्या तासात उतरला.

सरांनी माझं स्वागत वगैरे काही केलं नाही. प्रयोगशाळेत नेलं. सागवानाची पातळ फळी टेबलावर होती. तिच्यावर मेणबत्तीचं मेण पसरून थिजवलेलं, मधोमध बारीक भोक. चिमट्यात धरून एक मोठा खिळा स्टोव्हवर लाल केलेला.

“बाई, हा खिळा मी भोकात घालतो. मेण वितळंल. वितळलेल्याचा आकार कसा होईल?”

“गोल,” मी म्हणाले. यात विचारण्यासारखं काय आहे असं मला वाटलं.

खिळा आत गेला. मेण चकाकायला लागलं आणि ती चकाकी पसरत गेली. पण गोल नाही, लांबट, अंड्यासारखी. लाकडाच्या रेषा ज्या बाजूला धावत होत्या त्या बाजूला लांब, आडव्या बाजूला आखूड.

“लाकूड तेच, खिळा तोच,” सर म्हणाले. “पण लाकडाला त्याच्या रेषेच्या वाटेनं ऊब न्यायला सोपं जातं. रेषा ओलांडून न्यायला जड जातं. तुमच्या पुस्तकात ह्याला एकच आकडा दिलेला आहे. तो आकडा खोटा न्हाई, बाई. अर्धा आहे.”

मी एम. एस्सी. न करता घरी परत आले होते आणि आता आयुष्यभर पुस्तकातली उदाहरणं फळ्यावर सोडवायची अशी माझी समजूत होती. त्या फळीसमोर उभी असताना मला कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा पेन्सिल हातात घ्यावीशी वाटली.

हे वेड त्यांना कुठून लागलं, ते मला फार उशिरा कळलं. ते धावड्याचे. बाबासाहेबांनी दीक्षा दिली त्याच्या पुढच्या वर्षी त्यांच्या वस्तीनं धम्म स्वीकारला, तेव्हा सर कॉलेजात होते. ही गोष्ट त्याच्या बरीच आधीची, ते सात-आठ वर्षांचे असतानाची. घरातली चूल विझली की आई त्यांना विस्तव आणायला गावात पाठवायची. गावातली बाई लांबूनच निखारा टाकायची. भांड्याला भांडं लागू द्यायची नाही. हे हातात लाकडाची ढलपी घेऊन जायचे, तिच्यावर निखारा झेलायचे आणि पळत सुटायचे.

“ढलपीच्या रेषा निखाऱ्याकडून हाताकडं आल्या की निम्म्या वाटंत चटका बसायचा,” ते म्हणाले. “मंग फेकून द्यावं लागायचं. परत मागायला जायचं म्हंजे शिव्या. एक दिवस ढलपी दुसऱ्या बाजूनं तोडली, रेषा आडव्या आल्या, आणि घरापर्यंत पोचलो. आईला वाटलं मी धीट झालो. मी म्हणलं, न्हाई, लाकूड फिरवलं.”

हे सांगताना त्यांच्या आवाजात कडवटपणा नव्हता. चूल, ती बाई, शिव्या, सगळं बाजूला ठेवून ते त्या ढलपीबद्दलच बोलत होते. माझी मान मात्र वर होत नव्हती. कारण निखारा लांबून टाकणाऱ्या बायका माझ्या घरातही होत्या.

शाळेच्या प्रयोगशाळेत एक पेटी होती. त्या पेटीवरून सगळे मास्तर सरांची थट्टा करायचे. बाभळीच्या फळ्यांची, नटबोल्टांनी आवळलेली, आत गच्च दाबून भरलेली रुई. एका बाजूला तापवलेली वीट लावायची आणि बाकीच्या बाजूंना खुपसलेल्या थर्मामीटरांकडं बघत बसायचं. उन्हाळ्याची अख्खी सुट्टी सरांनी त्या पेटीजवळ काढली. दाबलेली रुई पुस्तकाच्या पानांसारखी थराथरांनी बसते. थरांच्या कडेकडेनं उष्णता जेवढी जाते, तिचा तिसरा हिस्साच थर ओलांडून जातो, असं त्यांनी काढलं होतं. पेटीच्या झाकणावर खडूनं लिहिलेलं असायचं, ‘तीनास एक’.

“ह्याचा उपयोग काय, सर?” हेडमास्तरांनी एकदा विचारलं.

“अजून कळालं न्हाई,” सर म्हणाले.

ते कळलं पुढच्या हिवाळ्यात, एका गुरुवारी.

गावाबाहेर कापसाची जिनिंग-प्रेसिंग होती. जिनात सरकी निघायची आणि रुई प्रेसमध्ये दाबून तिच्या गाठी बांधल्या जायच्या. मालक आमच्या शाळेच्या संस्थेचे सभासद होते. त्या सकाळी गोदामात जळका वास आला. शोधता शोधता एका गाठीच्या बाजूतून धुराची रेघ दिसली. गाठ ओढून मोकळ्यावर काढली, पाणी मारलं. आदल्या दिवशी गोदामाच्या मागं बिडी ओढताना राखणदारानं रुस्तुम नावाच्या हमालाला पाहिलं होतं. झालं. मालकानं रुस्तुमला कामावरून काढलं आणि चौकीवरून हवालदाराला बोलावलं. संध्याकाळच्या गाडीनं त्याला जाफ्राबादच्या ठाण्यात न्यायचं ठरलं.

रुस्तुमची मुलगी कावेरी आमच्याकडं नववीत होती. ती दुसऱ्या तासाला आली, दप्तर न घेता, आणि दारात उभी राहिली. सरांनी काय झालं ते ऐकलं, खडू ठेवला आणि सायकल काढली. मी माझा वर्ग तसाच सोडून त्यांच्या मागं चालत गेले. का गेले, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

मी पोचले तेव्हा सर गाठीजवळ उकिडवे बसले होते. भोवती वीस-पंचवीस माणसं. रुस्तुम भिंतीला टेकून खाली बसला होता. काळा, रुंद खांद्यांचा माणूस. दोन्ही हात गुडघ्यांमध्ये दाबून धरलेले.

सरांनी हाताची पालथी बाजू गाठीच्या वरच्या अंगाला लावली. मग बाजूच्या अंगाला, जिथं थरांच्या कडा दिसत होत्या. तिथून हात झटकन मागं घेतला. मग दोन थर्मामीटर काढले. एक वरून खुपसला, एक बाजूनं. घड्याळ लावून दहा मिनिटं बसले.

“वरच्यापेक्षा बाजूला पंधरा डिग्री जास्त,” ते मालकाला म्हणाले. “शेठ, बिडीची आग बाहेरून आत जाती. ही आतून बाहेर येऊन राह्यलीय. आणि कालची बिलकुल न्हाई. जुनी आहे. गाठ दाबली तेव्हाच ठिणगी आत गेल्ती.”

“मास्तर, तुम्ही शाळा सांभाळा,” मालक म्हणाले. “पाणी मारलं, विषय संपला.”

“संपला न्हाई. त्या दिवशीच्या दुसऱ्या गाठीत पण असंल. थप्पी उतरवून बघा.”

“तुमच्या म्हणण्यावर तीनशे गाठींची थप्पी उतरवू?”

हवालदार म्हातारा, थकलेला माणूस होता. तो म्हणाला, “मास्तर, जुनी म्हंजे किती जुनी? हा रुस्तुम पाच दिवस बहिणीकडं गेल्ता, काल सकाळी आला. कालच्या आधीची आग असली तर ह्याची न्हाई. पण ते सांगणार कोण?”

सर उठले. गुडघ्यावरची धूळ झटकली. “चार वाजेपर्यंत थांबा. सांगतो.”

परतताना त्यांनी सायकल हातात धरली होती आणि ते माझ्याशी बोलत होते. गाठ उभी कापली तर चौकोन दिसेल. त्या चौकोनाची अर्ध्या अर्ध्या विताची घरं पाडायची, नऊ बाय नऊ. मधल्या घरात आग. प्रत्येक घर आपल्या चार शेजाऱ्यांकडून ऊब घेणार. थराच्या वाटेवरच्या दोन शेजाऱ्यांकडून तिप्पट, वरच्या-खालच्यांकडून एकपट. असं पुन्हा पुन्हा करत गेलं तर आग कडेपर्यंत यायला किती वेळ लागतो ते निघेल.

“एक्याऐंशी घरं, सर. दर वेळी एक्याऐंशी गणितं. आपण दोघं चार वाजेपर्यंत कशी करणार?”

ते थांबले. “आपल्याकडं एक्याऐंशी पोरं न्हाईत का?”

हेडमास्तरांनी हात जोडले. “अहो, शेठ संस्थेवर आहेत. तुमची नोकरी जाईल, माझं पेन्शन जाईल.” सर म्हणाले, “जाईल बहुतेक,” आणि चुन्याचा डबा घेऊन मैदानावर गेले.

आठवी ते दहावीची पोरं-पोरी आखलेल्या घरांत उभी राहिली, प्रत्येकाच्या हातात पाटी. मधल्या घरातल्या मुलाच्या पाटीवर शंभर. तो आकडा बदलायचा नाही, ती आग. बाकी सगळ्यांच्या पाटीवर शून्य. डावीकडं-उजवीकडं थरांची वाट, पुढं-मागं थर ओलांडायचे. सरांनी नियम सांगितला: डाव्या-उजव्या शेजाऱ्यांची बेरीज तिप्पट करा, पुढच्या-मागच्यांची त्यात मिळवा, आठानं भागा.

“सर,” मी म्हणाले, “ज्याच्याजवळ आधीची ऊब आहे तिचं काय? तो ती विसरणार का? स्वतःचा आकडा पण धरायला पाहिजे. दोनदा धरा. मग दहानं भागायला येतं, आणि दहानं भागणं आठवीतल्या पोरालाही जमेल.”

सरांनी माझ्याकडं पाहिलं. त्या पाहण्याचं वर्णन मी करणार नाही. एवढंच सांगते की पुढं मोठमोठ्या सभांमध्ये मला शाबासक्या मिळाल्या, त्यांतली एकही त्याच्या जवळपास गेली नाही.

“बाई म्हणतात तसं करा,” त्यांनी जाहीर केलं.

पेटीवरच्या प्रयोगांवरून सरांनी हिशेब मांडला होता की एक शिट्टी म्हणजे पाव दिवस. चार शिट्ट्यांचा एक दिवस. पहिली शिट्टी झाली. मधल्या मुलाच्या दोन्ही बाजूंच्या पोरांनी तीस लिहिलं, पुढच्या-मागच्यांनी दहा. बाकीचे शून्य. दुसरी शिट्टी. तिसरी. मी रांगांमधून फिरत चुका दुरुस्त करत होते. कावेरीला सरांनी डाव्या कडेच्या मधल्या घरात उभं केलं होतं. तिच्याच घरावर सगळं अवलंबून होतं.

चौथ्या शिट्टीला, म्हणजे एका दिवसाला, तिच्या पाटीवर आलं शून्य पॉइंट आठ. शेजारची मैत्रीण कुजबुजली, “शून्यच लिही ना. तुझ्या आबासाठी बरं आहे.”

“येतंय तेवढंच लिहायचं,” कावेरी म्हणाली आणि नाक पुसून तो आकडा पुन्हा ठळक केला.

तेवढ्यात मालक आले. त्यांच्या संस्थेच्या मैदानावर भर दुपारी पोरं उन्हात उभी आहेत हे त्यांच्या कानावर गेलं होतं. मागून हवालदार सायकल ढकलत आला. मालक काही बोलणार तोच सरांनी शिट्टी फुंकली आणि एक्याऐंशी माना खाली गेल्या. मैदानावर फक्त पेन्सिलींची कुरकुर. मालक तसेच उभे राहिले. पाचव्या-सहाव्या शिट्टीनंतर ते आपणहून चार पावलं पुढं आले आणि पोरांच्या पाट्या वाचायला लागले.

बारावी झाली, चौदावी झाली. डाव्या-उजव्या बाजूची पोरं आकडे वाढवत होती; पुढच्या-मागच्या कडेची पोरं तेवढ्याच अंतरावर असून शून्याजवळच रेंगाळत होती. सोळाव्या शिट्टीला सर ओरडले, “थांबा. कावेरी, किती?”

“पाच, सर.”

पुढच्या कडेचा मुलगा म्हणाला, “माझं शून्य पॉइंट तीन.”

सर हवालदाराकडं वळले. “जळती रुई भोवतीच्या हवेपेक्षा तीनशे डिग्रीनं जास्त असती असं धरा. म्हंजे पाटीवरचे शंभर तिथले तीनशे. पाटीवरचे पाच तिथले पंधरा. सकाळी मी गाठीच्या बाजूला पंधरा मोजले, वर काहीच न्हाई. सोळा शिट्ट्या म्हंजे चार दिवस. काल आग लागली असती तर हिच्या पाटीवर एकसुद्धा आला नसता. ही आग रविवारची.”

“मास्तर,” मालक म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदा खाली आलेला होता, “ती गाठ रविवारीच दाबलेली आहे. नंबर बघितलाय मी. तुम्हाला कोणी सांगितलं?”

“कोणीच न्हाई. ह्या पोरांनी सांगितलं.”

मैदानाच्या कडेला जिनात काम करणाऱ्या तीन-चार बायका येऊन उभ्या होत्या. त्यांतली एक पदर पुढं ओढून बोलली, “रविवारी जिनात खडा आल्ता. ठिणग्या उडाल्त्या. आम्ही वरडलो, पर मशीन कुणी बंद केली न्हाई. आज बोलावं म्हणलं, तर कामावरून काढतील म्हणून…”

मालकाचा रंग उडाला. रविवारच्या बाकीच्या गाठी अजून थप्पीत होत्या.

त्यानंतरचा तास मला तुकड्या-तुकड्यानं आठवतो. मालक स्वतः धावत होते, धोतराचा सोगा हातात धरून. रुस्तुमला कुणी बोलावलं नाही; तोच उठला आणि थप्पीवर चढला. गाठी खाली येत होत्या आणि सर, मी, हवालदार, बायका, सगळे हाताच्या पालथ्या बाजूनं त्यांच्या कडा चाचपत होतो. “वर हात लावू नका, बाजूला लावा, बाजूला!” सर ओरडत होते. नववी गाठ माझ्या हाताला लागली. चटका नव्हता, तापलेल्या पोराच्या कपाळाला हात लावावा तशी ऊब होती. वरून गाठ थंडगार. मी ओरडले. रुस्तुमनं ती एकट्यानं ओढत मोकळ्यावर नेली. पाण्यात भिजवून पट्ट्या तोडल्या, तेव्हा आतून धूर आणि लाल ठिपके निघाले. सूर्य अजून मावळला नव्हता. ती रात्र गोदामात गेली असती तर सकाळी गोदाम उरलं नसतं, आणि आत झोपणारा राखणदारही. रुस्तुमवर बोट ठेवणारा तोच राखणदार.

पहिली गाठही फोडली. मधला काळा डाग लांबट होता. अंड्यासारखा, थरांच्या बाजूनं पसरलेला. हवालदारानं तो वाकून बघितला, मग सरांकडं बघितलं आणि सायकलवर बसून एकटाच निघून गेला.

रुस्तुम दुसऱ्या दिवशी कामावर गेला. आठवड्यानं शाळेत येऊन दारात उभा राहिला. “सर, मी काय देऊ तुम्हाला?”

“ती जळकी गाठ टाकून देणार असतील ना? तिचा मधला तुकडा आण,” सर म्हणाले. त्यानं आणला. तो प्रयोगशाळेच्या कपाटात कितीतरी वर्षं होता.

मालकांनी आभार मानले नाहीत, पण नोकरीही गेली नाही. फक्त एक लेखी मेमो आला. शाळेच्या वेळेत विद्यार्थ्यांना विनापरवानगी उन्हात उभं केल्याबद्दल खुलासा करावा. मेमोचा कागद चांगला जाड होता. सरांनी त्याच्या कोऱ्या बाजूवर नऊ बाय नऊची घरं आखली, सोळाव्या शिट्टीचे सगळे आकडे भरले आणि तोच कागद खुलासा म्हणून परत पाठवला. पुढं काही झालं नाही.

त्या दिवसानंतर सर माझ्या मागं लागले. मी एम. एस्सी. करावं, आणि मुंबईला, जिथं असली गणितं करणारं यंत्र आहे तिथं जावं. मी म्हणायची, घरी परवानगी मिळणार नाही. माझ्या लग्नाचं बोलणं चालू होतं. एका रविवारी मी केदारखेड्याला घरी असताना सर न सांगता आले.

अण्णांनी त्यांना ओसरीवर बसवलं. आईनं चहा पाठवला. तो कानतुटक्या कपात होता. तो कप आमच्याकडं ओसरीच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असायचा, आणि कुणासाठी ते सगळ्यांना ठाऊक होतं. सरांनाही कळलं. मी दारात उभी होते. मला आत जाऊन दुसरा कप आणता आला असता. मी आणला नाही.

सरांनी सवयीनं कपाला हाताची पालथी बाजू लावली आणि शांतपणे चहा प्यायले.

“मुलगी लांब पाठवणं बरं न्हाई, मास्तर,” अण्णा म्हणाले.

“कोणत्या बाजूनं बरं न्हाई?”

अण्णांना हसू आलं. मग दोघं तासभर बोलले. कापसाबद्दल, विहिरीबद्दल, माझ्याबद्दल फार थोडं. शेवटी अण्णांनी फॉर्मवर सही केली. निघताना सरांनी कप स्वतः विसळला आणि त्याच्या कोनाड्यात ठेवला.

मी त्यांना एस. टी.च्या थांब्यापर्यंत सोडायला गेले. वाटेत कसंबसं म्हणाले, “सर, तो कप…”

“सही झाली ना, बाई?” ते म्हणाले. “एका दिवसाला तेवढं बस. चार शिट्ट्यांत कडेपर्यंत न्हाई पोचत.”

गाडी आली, ते चढले. मी घरी परतले, कोनाड्यातला कप काढला आणि आईच्या समोर त्यातूनच चहा प्यायले. त्यानंतर तो कप आमच्या घरात सगळ्या कपांबरोबर फळीवर राहिला. हे मी सरांना कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं ते फारच उशिराचं होतं.

पुढं मी आयुष्यभर हेच काम केलं. कारखान्यांसाठी, यंत्रांसाठी, उष्णता कुठून कुठं जाईल ते आधीच सांगणारे प्रोग्रॅम लिहिले. आता पुण्यातली तरुण मुलं पडद्यावर रंगीत चित्रं काढतात. प्रोग्रॅममध्ये पदार्थाची माहिती भरताना तीन दिशांचे तीन रकाने असतात. घाईत असलेलं पोर तिन्हींत एकच आकडा टाकतं आणि चित्र छान गोल येतं. मी त्याच्या खुर्चीमागं उभी राहते आणि थांबते. बहुतेकांना कळतं.

पण मला आठवतं ते सत्तरच्या दशकाच्या अखेरचं एक वर्ष. मुंबईत कार्डांना भोकं पाडून मी माझा पहिला मोठा प्रोग्रॅम चालवला होता. शिसवी लाकडाचा ओंडका, उभ्या-आडव्या दिशांना वेगवेगळी उष्णता. यंत्रानं उत्तर दिलं ते नुसत्या आकड्यांत, घड्या पडलेल्या लांबच लांब कागदावर. दिवाळीच्या सुट्टीत तो गठ्ठा घेऊन मी थेट टेंभुर्णीला गेले.

शाळा बंद होती. सरांनी किल्ली आणली. स्टाफरूममधली टेबलं भिंतीला सारून आम्ही कागद जमिनीवर उलगडला. तो दारातून बाहेर व्हरांड्यात गेला. सरांनी चपला काढल्या, हात पाठीशी बांधले आणि वाकून आकडे वाचत चालायला लागले. मी मागं मागं. मध्ये वहिनी चिवडा-लाडू ठेवून गेल्या, त्याला मुंग्या लागल्या. सर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले.

“बाई,” ते व्हरांड्यातून म्हणाले, “ओंडका दोन्ही बाजूंनी सारखाच आहे ना?”

“हो.”

“मंग इथं एकवीस आणि तिथं सव्वीस कसं?”

“सर, ते यंत्र आहे. ते चुकत नाही.”

“यंत्र कशाला चुकंल,” ते म्हणाले. “तुम्ही चुकल्या असाल.”

मी मुंबईला जाऊन साडेतीनशे कार्डं एकेक करून तपासली. एका कार्डावर तीनच्या जागी आठ पडलेला होता. माझ्या मार्गदर्शकांनी, त्यांच्या दोन सहायकांनी आणि मी स्वतः ते उत्तर तपासून बरोबर ठरवलेलं होतं. मी कार्ड बदललं, प्रोग्रॅम पुन्हा चालवला आणि नवा कागद पार्सलानं टेंभुर्णीला पाठवला.

महिन्याभरानं पोस्टकार्ड आलं. बारीक, ताठ अक्षर:

‘आता बराबर आहे. तीनदा बघितलं. दुसरी चूक सापडली नाही म्हणून थोडं वाईट वाटलं. पुढच्या वेळी याहून मोठा कागद आणावा.’

पुढच्या दिवाळीत मी नेला.